स्कॉटलंडच्या जुन्या कबरींवरचे अबोल दगड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्कॉटलंड बघायला आलेली आपली पाहुणेमंडळी किल्ले बघतात, तळी बघतात आणि मग वाटेतल्या एखाद्या गावात चर्चच्या आवारात सहज शिरतात. शिरल्यावर पाच मिनिटांत प्रश्न सुरू होतात, आणि ते बहुतेक हेच असतात. तीच उत्तरं देऊन देऊन पाठ झाली, म्हणून एकदाची लिहून काढली. इथल्या बोलीत चर्चला ‘कर्क’ आणि त्याच्या आवारातल्या दफनभूमीला ‘कर्कयार्ड’ म्हणतात. पुढे तेच शब्द वापरले आहेत.

दगडावर नुसती चार अक्षरं आणि एक साल आहे. काम अर्धवट राहिलं का?

नाही, दगड पूर्ण आहे. सतराव्या आणि अठराव्या शतकातल्या असंख्य दगडांवर एवढंच असतं. समजा वर ‘आय एम’, खाली ‘ए एस’ आणि मध्ये १७१२. ही नवरा-बायकोच्या नावांची आद्याक्षरं. मग दोघांची आडनावं वेगळी कशी? तर स्कॉटलंडमध्ये लग्नानंतरही बाईचं माहेरचं आडनाव कायद्याने तिचंच राहायचं, आणि दगडावरही तेच कोरलं जायचं. पुढच्या काळात सविस्तर मजकूर आला तेव्हाही ‘अमक्याची पत्नी’ असं लिहून नाव मात्र माहेरचंच. (लग्नात तांदळावर बायकोचं नवं नाव लिहिणाऱ्यांनी नोंद घ्यावी.) वंशावळ शोधणाऱ्यांना याचा मोठा आधार होतो. दोनच अक्षरांत दोन घराणी सापडतात.

साल मात्र मृत्यूचंच असेल असं धरून चालू नका. ते दगड उभा केल्याचंही असू शकतं. दोघंही तेव्हा जिवंत असतील, अशीही शक्यता असते.

पूर्ण नाव का लिहिलं नाही? पैसे नव्हते?

सगळ्यांना आधी हेच सुचतं. त्यात तथ्य आहे, पण थोडंच. कोरायचं काम हाताने, टाकी आणि हातोडीने चालायचं आणि जितकी अक्षरं जास्त तितकी मजुरी जास्त, हे खरं. पण जे खरोखर गरीब होते त्यांच्या कबरीवर दगडच नसायचा. आद्याक्षरांचा का होईना, घडीव दगड लावणारा माणूस म्हणजे थोडंफार बाळगून असलेला शेतकरी, गिरणीवाला किंवा कारागीर.

माझ्या मते खरं कारण वेगळं आहे. हे दगड मुळात आठवण सांगण्यासाठी नव्हतेच. कर्कयार्डमध्ये कुटुंबाला जी जागा मिळायची तिला ‘लेअर’ म्हणतात. जमीन त्या कुटुंबाच्या मालकीची होत नसे, पण तिथे पुरण्याचा हक्क त्यांचा, आणि तो पिढ्यान् पिढ्या चालत यायचा. हा हक्क कोणाचा हे दाखवायला एक खूण पुरे. शेताच्या बांधावर हद्दीचा दगड असतो तसा हा दगड. हद्दीच्या दगडावर कोणी शेतकऱ्याचं चरित्र लिहीत नाही.

आणि वाचणार कोण होतं? त्याच गावातली शे-दोनशे घरं. ‘आय एम’ म्हणजे कोण, त्याची जमीन कुठली, बायको कुठल्या गावची, हे सगळ्यांना तोंडपाठ. अनोळखी माणूस तीनशे वर्षांनी कॅमेरा घेऊन येईल आणि कोड्यात पडेल, हे त्यांच्या गावीही नव्हतं. मुद्दाम काही लपवलं असेल म्हणून गूढ उकलत बसणाऱ्यांना मी आधी हेच सांगते.

यात धर्माचा काही भाग आहे का?

आहे, आणि बराच आहे. १५६० साली स्कॉटलंडने रोमन कॅथलिक पंथाशी फारकत घेतली आणि कडक प्रॉटेस्टंट वळण स्वीकारलं. त्याआधी सरदार-धनिकांना चर्चच्या आत, फरशीखाली पुरत. सामान्य माणसाला बाहेरच्या मातीत, बहुतेक वेळा कसलीही खूण न ठेवता. मृतात्म्याच्या मुक्तीसाठी प्रार्थना करा, अशी विनंती श्रीमंतांच्या थडग्यांवर कोरलेली असायची.

नव्या पंथाने हे सगळं मोडीत काढलं. मेलेल्या माणसाचं काय व्हायचं ते देवाने ठरवलेलं, जिवंतांच्या प्रार्थनेने त्यात फरक पडत नाही, ही शिकवण. त्यामुळे प्रार्थनेची विनंती गेली आणि मजकुराचा निम्मा भाग आपोआप संपला. दफनाच्या वेळी गाणं नको, वाचन नको, असं नव्या धर्मनियमांत लिहिलं गेलं. चर्चच्या आत पुरायलाही बंदी आली. १५८० च्या दशकापासून ही बंदी पुन्हा पुन्हा घातली गेली, यावरून ती किती पाळली जात होती ते समजा. हळूहळू बडी मंडळी आवारात आली, भिंतीलगत त्यांनी दिमाखदार थडगी बांधली, आणि ते बघून गावातल्या बेताच्या ऐपतीच्या लोकांनाही आपला एक दगड असावा असं वाटू लागलं. आज दिसणारे छोटे, जाडजूड, आद्याक्षरांचे दगड त्यानंतरचे.

शब्द नाहीत, पण चित्रं भरपूर आहेत. ती काय सांगतात?

खरा मजकूर तिथेच आहे. आपण अक्षरं शोधत बसतो आणि दगड चित्रांत बोलून मोकळा झालेला असतो.

चित्रांचे ढोबळ दोन प्रकार. पहिला मरणाचा: कवटी, एकमेकांवर ठेवलेली दोन हाडं, वाळूचं घड्याळ, शवपेटी, कबर खणणाऱ्याची कुदळ आणि फावडं, प्रेतयात्रेपुढे वाजवायची घंटा. वरच्या बाजूला बहुतेक पंख फुटलेला चेहरा असतो, तो म्हणजे उडून निघालेला आत्मा. मूर्तिपूजेला नाकं मुरडणाऱ्या लोकांनी कबरीवर मात्र इतकी चित्रं कोरावीत, याची मला अजून गंमत वाटते. चर्चच्या आत येशूचं चित्र चालत नव्हतं. बाहेर पावसात कवटी चालत होती.

दुसरा प्रकार धंद्याचा, आणि तो ओळखायला शिकलात की कर्कयार्डमध्ये वेळ कसा जातो कळत नाही. मुकुटाखाली हातोडा म्हणजे लोहार किंवा धातुकाम करणारा. मुकुटाखाली अर्धगोल पात्याची रापी म्हणजे चांभार. कात्री आणि इस्त्री म्हणजे शिंपी. धोटा म्हणजे विणकर; कधी तो धोटा बिबट्याच्या तोंडात धरलेला असतो, कारण विणकरांच्या संघाच्या चिन्हात बिबट्याचं मुंडकं आहे. पाव भट्टीत सरकवायची लांब दांड्याची फळी म्हणजे बेकर. नांगराचा फाळ आणि त्याच्यापुढे माती कापणारं पातं म्हणजे शेतकरी. इंग्रजी चारच्या आकड्यासारखी, बरेचदा उलटी काढलेली खूण म्हणजे व्यापारी.

सगळ्यात जास्त फसवणारी खूण गिरणीवाल्याची. चार टोकांची, मध्ये भोक असलेली नक्षी बघून लोक तिला क्रूस समजतात, नाहीतर एखाद्या गुप्त पंथाचं चिन्ह. प्रत्यक्षात ती पाणचक्कीच्या वरच्या दगडाला खालून तोलून धरणारी लोखंडी पट्टी आहे.

अँगस, फाइफ आणि पर्थशर या पूर्वेकडच्या भागांत अठराव्या शतकातले असे दगड विपुल आहेत. पर्थशरमध्ये तर झाडाच्या दोन बाजूंना उभे आदम आणि हव्वासुद्धा भेटतात.

कवटी आणि हाडं म्हणजे समुद्री चाचा? की प्लेगने मेलेला?

दोन्ही नाही. ‘तूही मरणार आहेस’ एवढंच.

आणि काही दगडांवर तर काहीच नाही. ते कशाचे?

इथे एक उत्तर नाही, आणि लांबून बघून ठरवूही नये.

काही दगड पहिल्यापासून कोरे आहेत. डोंगराळ भागात आणि बेटांवर शेतातला नाहीतर किनाऱ्यावरचा अनघड धोंडा उचलून डोक्याशी उभा करायचा, झालं. सेंट किल्डा या दूरच्या बेटावरून २९ ऑगस्ट १९३० रोजी उरलेली ३६ माणसं मुख्य भूमीवर हलवली. तिथल्या भिंतीआडच्या छोट्या दफनभूमीत आजही बहुतेक कबरींवर असेच बिननावाचे दगड आहेत. त्या बेटावर एके काळी धनुर्वाताने कितीतरी बाळं जन्मानंतर काही दिवसांतच जायची. तो इतिहास माहीत असला की त्या आखूड धोंड्यांकडे बघवत नाही.

काही दगडांवर मजकूर होता, तो गेला. वालुकाश्म थराथरांचा असतो. खाणीत तो आडवा पडलेला असतो, पाथरवट फळीसारखा कापून उभा करतो, आणि मग पाणी थरांच्या फटींत शिरतं, गोठतं, फुगतं. एखाद्या हिवाळ्यात अख्खा दर्शनी पापुद्राच सुटून येतो, नावासकट. शेजारचा स्लेटचा दगड त्याच वयाचा असून अक्षर न् अक्षर शाबूत. म्हणून ‘हा जास्त पुसट आहे म्हणजे जास्त जुना’ हा हिशेब चालत नाही.

काहींचा मजकूर गवताखाली आहे. दगड शतकानुशतकं खचत जातात, जमिनीची पातळी वाढत जाते, आणि वर उरतो तो नुसता माथा. काहींचा मजकूर मागच्या बाजूला असतो. एका बाजूला चित्रं, दुसऱ्या बाजूला अक्षरं ही इथली नेहमीची रीत. लोक एका बाजूने फोटो काढून ‘कोरा आहे’ म्हणत पुढे जातात, तेव्हा माझा जीव कासावीस होतो.

पश्चिमेकडे, आयोना बेटावर किंवा किलमार्टिनला, तलवार, वेलबुट्टी आणि वल्ह्यांचं गलबत कोरलेल्या मध्ययुगीन शिळा आहेत. त्यांतल्याही बहुतेकांवर नाव नाही. ज्याच्यासाठी अशी शिळा घडवली त्याला नावाची गरज वाटली नसावी.

प्रेतचोरांच्या भीतीने नावं लिहीत नसत, असं गाइडने सांगितलं. खरं का?

गोष्ट चांगली आहे, पण पटणारी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शरीरशास्त्राच्या वर्गांना प्रेतं विकणाऱ्या टोळ्या होत्या, हे खरं. पण त्यांना नावाशी काय देणंघेणं? हवं होतं ते ताजं प्रेत, आणि ते कुठे आहे हे नुकत्याच उकरलेल्या मातीवरून कळायचं. दगड तर माती बसल्यावर, म्हणजे बऱ्याच महिन्यांनी लागायचा. शिवाय आद्याक्षरांचे दगड या भानगडीच्या शंभर वर्षं आधीचे आहेत.

लोकांनी जे उपाय केले ते भक्कम होते: कबरीवर लोखंडी पिंजरे, फाटकाशी रात्रीच्या पहाऱ्याची खोली. एडिनबराच्या ग्रेफ्रायर्स कर्कयार्डमध्ये असे पिंजरे अजून आहेत. १८३२ च्या कायद्याने शवविच्छेदनासाठी प्रेतं रीतसर मिळू लागली आणि हा धंदा बसला.

प्रसिद्ध माणसांच्या कबरीही अशाच आहेत का?

तीन गोष्टी सांगते, तिन्ही वेगळ्या.

तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम १७७६ मध्ये वारला. त्याने मृत्युपत्रातच लिहून ठेवलं होतं, की थडग्यावर फक्त माझं नाव आणि जन्म-मृत्यूची सालं घाला, बाकीचं पुढच्या पिढ्या ठरवतील. एडिनबराच्या ओल्ड काल्टन दफनभूमीत वास्तुविशारद रॉबर्ट अॅडमने बांधलेलं त्याचं भलंथोरलं गोल थडगं आहे, आणि त्यावर जवळपास तेवढंच आहे. गंमत अशी, की पुढच्या पिढीने खरंच भर घातली: घरातल्या एका बाईंच्या स्मरणार्थ त्याच इमारतीवर बायबलमधली वचनं कोरली. जन्मभर धर्माबद्दल शंका घेत राहिलेल्या माणसाच्या माथ्यावर!

कवी रॉबर्ट फर्ग्युसन १७७४ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, एडिनबरातल्या वेड्यांच्या इस्पितळात गेला. कॅननगेट कर्कयार्डमधल्या त्याच्या कबरीवर काहीच नव्हतं. १७८७ मध्ये कवी रॉबर्ट बर्न्स तिथे आला, ते बघून कळवळला आणि स्वतःच्या खर्चाने दगड लावायची परवानगी मागितली. दगड उभा राहायला दोन वर्षं लागली. बर्न्सने पुढे एका पत्रात लिहिलं, की दगड करणाऱ्याने दोन वर्षं लावली, मीही पैसे द्यायला दोन वर्षं लावली, म्हणजे फिटंफाट. दगडावर फर्ग्युसनचं जन्मसाल चुकलं आहे, ते चुकलंच.

तिसरा रॉबर्ट पॅटरसन, पाथरवट. सतराव्या शतकात धर्मासाठी मारल्या गेलेल्या कव्हेनंटर लोकांच्या कबरी दक्षिण स्कॉटलंडभर विखुरल्या होत्या. घरदार सोडून हा माणूस वर्षानुवर्षं भटकत त्यांची झिजलेली अक्षरं पुन्हा कोरत राहिला. वॉल्टर स्कॉटने त्याला कादंबरीत आणून अजरामर केलं. पॅटरसन १८०१ मध्ये वारला, आणि त्याच्या स्वतःच्या कबरीवर दगड लागला १८६९ मध्ये. तोही स्कॉटच्या पुस्तकांच्या प्रकाशकांनी लावला.

कलोडनच्या रणांगणावर फक्त कुळांची नावं आहेत. माणसांची का नाहीत?

लढाई १६ एप्रिल १७४६ ची; स्टुअर्ट राजघराण्याला गादी परत मिळावी म्हणून लढणाऱ्या, बहुतांशी डोंगराळ भागातल्या कुळांचा सरकारी फौजेने इथे पराभव केला. मेलेल्यांना खड्ड्यांत एकत्र पुरलं. आज दिसणारे दगड १८८१ मध्ये तिथल्या जमीनमालकाने, डंकन फोर्ब्जने, लावले. एकावर नुसतं ‘मिश्र कुळं’ एवढंच आहे. ते दगड बघून १७४६ मधल्या लोकांच्या मनाविषयी काही अनुमान काढू नये. ते १८८१ च्या हळहळीचे दगड आहेत.

अक्षरं उलटी, जोडलेली, चुकीची का वाटतात?

कोरणारा बरेचदा गावचा गवंडी किंवा पाथरवट, लिहिण्यात बेताचाच. ‘एन’ उलटा, जागा संपली म्हणून शेवटचं अक्षर वर टांगलेलं, दोन अक्षरांना मिळून एकच दांडा. ‘जे’च्या जागी ‘आय’ तर सर्रास. त्यामुळे ‘आय’ दिसला की जॉन, जेम्स, जेनेट, जीन, इझबेल अशी सगळी माणसं मनात धरावी लागतात.

सालाबद्दल मात्र एक दिलासा आहे. इंग्लंडमध्ये १७५२ पर्यंत नवं वर्ष मार्चच्या अखेरीस लागायचं. स्कॉटलंडने १६०० पासूनच १ जानेवारी धरला, त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीच्या तारखांचा तो घोळ इथे होत नाही.

मग सविस्तर मजकूर कधीपासून आला?

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात वाढू लागला आणि एकोणिसाव्यात पूर आला. माणसं गाव सोडून शहरात आली आणि शेजारी कोण पुरलाय हे कोणाला माहीत नसेनासं झालं. ग्लासगोचं नेक्रोपोलिस १८३३ मध्ये सुरू झालं. टेकडीवर बागेसारखी आखलेली ही दफनभूमी म्हणजे अनोळखी लोकांनी फिरायला येऊन वाचायची जागा. तिथे नाव, धंदा, पत्ता, सद्गुण, सगळं लिहिणं भागच होतं. १८३० च्या दशकात अॅबर्डीनच्या अलेक्झांडर मॅकडोनल्डने वाफेच्या यंत्राने ग्रॅनाइट घासून चकचकीत करायची युक्ती बसवली, आणि न झिजणारे दगड बाजारात आले. ते टिकाऊ आहेत. पण एका ओळीत वीस एकसारखे बघितले की मला आद्याक्षरांचा एखादा वेडावाकडा दगड आठवतो.

याच काळातल्या कौटुंबिक दगडांवर मुंबई, मद्रास, कलकत्ता ही नावं दिसू लागतात. मुलगा ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत भारतात वारला, तिथेच पुरला, आणि आईवडिलांच्या दगडावर त्याच्यासाठी एक ओळ कोरली. खाली तो नाही.

म्हणजे दगड जिथे आहे तिथेच माणूस असतो असं नाही?

नाहीच. दगड हलवले जातात, भिंतीला टेकवून ठेवले जातात, जुनी शिळा पुसून नव्या माणसासाठी वापरली जाते. बालक्विडर गावात रॉब रॉय या गाजलेल्या बंडखोराची म्हणून दाखवतात ती शिळा १७३४ मध्ये वारलेल्या रॉब रॉयपेक्षा कित्येक शतकांनी जुनी आहे. १९२५ च्या कायद्याने कर्कयार्डची जबाबदारी स्थानिक प्रशासनाकडे गेली. त्यानंतर गवत कापणं सोपं जावं म्हणून कितीतरी ठिकाणी दगड आडवे केले गेले. २०१५ मध्ये ग्लासगोत दगड कोसळून एका लहान मुलाचा जीव गेला, तेव्हापासून डगमगते दगड तपासून निजवण्याचं काम आणखी वाढलं. त्याला नावं ठेवता येत नाहीत.

नुसती आद्याक्षरं असतील तर माणूस शोधायचा कसा?

दगड सोडा, वह्या धरा. १ जानेवारी १८५५ पासून स्कॉटलंडमध्ये मृत्यूची सरकारी नोंद सक्तीची झाली. त्या नोंदीत आईवडिलांची नावं असतात, आणि १८५५ ते १८६० या वर्षांत कुठे पुरलं हेसुद्धा. त्याआधीच्या काळासाठी गावच्या चर्चच्या नोंदवह्या. त्यात बाप्तिस्मे आणि लग्नं बऱ्यापैकी सापडतात, दफनं मात्र अर्धीमुर्धी. त्यातच १७८३ मध्ये प्रत्येक नोंदीवर तीन पेन्सचा कर बसला. तो १७९४ मध्ये उठेपर्यंत अनेकांनी नोंद करायचंच टाळलं.

इथे एक चोरवाट आहे. शवपेटीवर घालायची मखमली चादर, मॉर्टक्लॉथ, चर्चच्या पंचमंडळाकडून भाड्याने मिळायची आणि ते भाडं गरिबांच्या निधीत जमा व्हायचं. जमाखर्च चोख ठेवलेला असायचा. ‘अमक्याच्या मुलासाठी मॉर्टक्लॉथ, इतके शिलिंग’ अशी एक ओळ सापडली की मृत्यूचा महिना हाती लागतो. त्या माणसाबद्दल चर्चने दुसरं काही लिहिलेलं नसतं. या वह्यांच्या प्रती आता ‘स्कॉटलंड्स पीपल’ या सरकारी संकेतस्थळावर घरबसल्या बघता येतात. १८५५ पूर्वीच्या दगडांवरचे मजकूर स्थानिक वंशावळ मंडळांनी उतरवून छापले आहेत. तेही आधी बघा. त्यांनी वाचलेला दगड आज कदाचित पापुद्रे सुटून गेला असेल.

पुसट अक्षरं वाचायला खडू किंवा पीठ चोळावं का?

अजिबात नाही. खडू, पीठ, दाढीचा फेस, तारेचा ब्रश, ब्लीच, सगळं दगडाला घातक. दगडफूलही खरवडू नका, त्याच्याबरोबर दगडाचा थर येतो. (हो, आपल्या गोड्या मसाल्यात पडतं त्याच जातीचं. इथलं घरी नेऊन फोडणीला घालायचा विचारही नको.)

लागतो तो तिरपा उजेड. सकाळी लवकर नाहीतर संध्याकाळी ऊन दगडाच्या अंगाला घासून जातं, आणि दुपारी कोरा दिसलेला दगड अचानक बोलायला लागतो. ढगाळ असेल, म्हणजे बहुतेक असेलच, तर टॉर्च बाजूने धरा किंवा आरशाने उजेड फिरवा. मोबाइलवर पाच-सहा कोनांतून फोटो काढून घरी सावकाश बघा.

आमच्याकडे एकच दिवस आहे. काय बघू?

एडिनबरात असाल तर ओल्ड काल्टन आणि कॅननगेट चालत होतात. ग्रेफ्रायर्सला गर्दी असते, आणि ती बहुतेक बॉबी नावाच्या कुत्र्याच्या पुतळ्यासाठी आलेली असते; मालकाच्या कबरीपाशी तो वर्षानुवर्षं बसून राहिला, अशी त्याची गोष्ट सांगतात. पण गाडी असेल तर फाइफ किंवा अँगसमधलं कुठलंही जुनं गाव गाठा आणि कर्कयार्डच्या दक्षिणेकडच्या बुटक्या दगडांपासून सुरुवात करा. प्रत्येक दगडाच्या मागे जाऊन बघा. गुडघे टेकून गवताच्या रेषेशी बघा. बूट भिजतील असेच घाला. परत निघताना फाटकाची कडी नीट लावा, नाहीतर मेंढ्या आत शिरतात.